पट्टकादंबाचं पांढरं डोकं आणि वीरचं पाणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जानेवारीत वीर धरणाच्या फुगवट्यावर पट्टकादंब, म्हणजे बार-हेडेड गूज, मिळाले, १५०-६०० लेन्सने दोनशेच्या वर फ्रेम काढल्या, आणि घरी येऊन पाहिलं तर डोकी पांढरीफटक, पाणी मळकट, झूम केलं की पिसं विरघळल्यासारखी. एडिटिंगमध्ये हायलाइट्स (सगळ्यात उजळ भाग) खाली ओढल्या तर डोकं राखाडी झालं, शार्पनिंग वाढवलं तर पाण्यात वाळू दिसायला लागली. सोबत तुम्ही तीन फोटो दिलेत: गडद पाण्यावरची जोडी, चमकत्या पाण्यावरचा थवा, आणि पिसं साफ करणारा एकटा पक्षी. मी गेले अठरा हिवाळे वीर, उजनी आणि नाथसागराच्या काठांवर याच पक्ष्यांमागे घालवलेत, त्यामुळे तिन्ही फोटोंत काय झालं असावं याचा मला बऱ्यापैकी अंदाज येतो. तिन्ही तक्रारींची मुळं वेगळी आहेत आणि त्यातली दोन कॉम्प्युटरवर सुटणारच नाहीत.

आधी डोक्याचं बोलू. बाकी सगळं नंतर उचलता येतं, जळालेलं डोकं परत आणता येत नाही.

पट्टकादंबाचं डोकं शुभ्र, त्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, मान मागून काळपट आणि बाजूने उतरणारी पांढरी रेघ, अंग फिकट राखाडी. म्हणजे एका वितीच्या जागेत उजेडाची दोन्ही टोकं एकमेकांना चिकटून बसलेली. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर मात्र समोरचं सगळं दृश्य मधल्या राखाडीवर आणायला बघतं. तुमच्या पहिल्या फोटोत पाण्यात बेशरमाच्या झुडपांचं गडद हिरवं प्रतिबिंब आहे आणि दोन्ही पक्षी मिळून फ्रेमचा दहावा भागही व्यापत नाहीत. मीटरने ते गडद पाणी उजळायला घेतलं आणि त्या ओघात डोकी जळाली. दुसऱ्या फोटोत थवा चांदीसारख्या पाण्यावर आहे. तिथे मीटरने सगळं दाबलं आणि पक्षी काळवंडले. दोन फोटोंमध्ये चार मिनिटांचं अंतर आहे. पक्ष्यांवर पडणारं ऊन तसूभरही बदललेलं नव्हतं. बदललं ते फक्त मागचं पाणी.

म्हणून आकाश स्वच्छ असेल तेव्हा मॅन्युअल मोड, म्हणजे शटर, अपर्चर, आयएसओ तिन्ही आपणच ठरवायचे. पक्षी गडद पाण्यातून उजळ पाण्यात पोहत गेला तरी एक्सपोजर हलत नाही, कारण त्याच्यावरचा प्रकाश तोच आहे. सुरुवातीला एक आकडा धरून ठेवा: सूर्योदयानंतर तासाभराने, धुकं नसताना, ऊन तुमच्या पाठीशी असताना आयएसओ ४००, एफ/८ आणि १/१६००. पाचदहा फ्रेम घ्या, प्लेबॅकमध्ये हायलाइट अलर्ट (जळालेला भाग लुकलुकवून दाखवणारी सोय) चालू ठेवून फक्त डोकं बघा. डोक्यावर एकही ठिपका लुकलुकत नाही आणि शटर थोडं मंद केल्यावर लुकलुकायला लागतो, तिथे थांबा. पुढचा अर्धा-पाऊण तास फार काही हलवायची गरज नाही, फक्त ऊन चढेल तसं मधूनमधून तपासा आणि शटर वेगवान करत जा. आरशाविरहित कॅमेरा असेल तर झेब्रा (जळणाऱ्या भागावर उमटणारे पट्टे) लावा, म्हणजे फोटो काढायच्या आधीच कळतं. ढग ये-जा करत असतील तर मॅन्युअलचा हट्ट सोडा. अपर्चर प्रायॉरिटी घ्या (अपर्चर तुमचं, शटर कॅमेऱ्याचं), आणि मागचं पाणी गडद असेल तर एक्सपोजर कॉम्पेन्सेशन उणे दोन तृतीयांश ते उणे एक, धुक्यात किंवा चकाकत्या पाण्यावर अधिक दोन तृतीयांश ते अधिक एक.

असं केल्यावर अंग आणि पाणी स्क्रीनवर थोडं अंधारलेलं दिसेल. घाबरू नका. आयएसओ ४०० ला आजच्या कोणत्याही बऱ्या सेन्सरवर रॉ फाइलमध्ये सावल्या दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) सहज वर येतात. उलट जळालेल्या पांढऱ्याचं गणित वेगळं आहे. लाल, हिरवा, निळा यांतला एकच चॅनेल भरून वाहिला असेल तर सॉफ्टवेअर उरलेल्या दोघांवरून अंदाज बांधून थोडं काही परत आणतं. तिन्ही भरले असतील तर तिथे माहितीच नाही. मग हायलाइट्स उणे शंभर केल्यावर तुम्हाला जे दिसलं तेच होतं: पिसांऐवजी चुन्याचा सपाट राखाडी लेप. सकाळच्या पिवळसर उन्हात लाल चॅनेल सगळ्यात आधी भरतो. कॅमेऱ्याचा साधा पांढरा हिस्टोग्राम ते लपवतो, म्हणून आरजीबी हिस्टोग्राम (तिन्ही रंगांचा वेगवेगळा आलेख) चालू करा. नारिंगी चोचीसाठीही तोच उपयोगी पडतो.

आता पाणी. मळकट पाण्याचा दोष तुम्ही व्हाइट बॅलन्सला दिलाय. मला वाटतं तुम्ही बांधावर उभे होता.

उंचावरून बघितलं की नजर पाण्यात शिरते. खालचा गाळ, शेवाळ दिसतं, वर डोक्यावरच्या फिक्या आभाळाचा पापुद्रा, आणि दोन्ही मिसळून तो चहाच्या चोथ्यासारखा रंग होतो. डोळा पाण्याच्या पातळीजवळ नेला की पाणी आरशासारखं वागतं. मग ते स्वतःचा रंग दाखवतच नाही, समोरच्या काठाचा दाखवतं. समोर ऊस असेल तर हिरवं, वेड्या बाभळीचं रान असेल तर काळपट हिरवं, उन्हात तापलेला उघडा माळ असेल तर तांबूस सोनेरी. वीरला एकदा मी एकाच जागी लोळून, फक्त वीस पावलं डावीकडे सरकत, दहा मिनिटांत एकाच थव्याचे तीन रंगांच्या पाण्यावरचे फोटो काढलेत. पाण्याचा रंग स्लायडरवर शोधण्यापेक्षा पलीकडच्या काठावर शोधा. पक्षी यायच्या आधी रिकाम्या पाण्याचे दोनचार फोटो काढून रंग ठरवून टाका.

खाली जायचं म्हणजे अक्षरशः चिखलात पालथं पडायचं. मी प्लॅस्टिकचं घमेलं वापरतो, बांधकामावर असतं तेच. त्यात जुन्या जीन्सच्या पायाची, ज्वारी भरून शिवलेली पिशवी ठेवतो आणि पिशवीवर लेन्स. घमेलं ओल्या गाळावर अलगद सरकतं, लेन्स पाण्यापासून वीतभर उंचीवर राहते, आणि ट्रायपॉडच्या पायांसारखं काही हलत नसल्याने पक्षी बुजत नाहीत. अंगाखाली गोणपाट, वर मातकट रंगाची चादर. लेन्सच्या पुढच्या काचेवर शिंतोडे उडतात तेवढे सांभाळायचे, बाकी काही खर्च नाही. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) मात्र घरी ठेवा. तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो आणि ज्या प्रतिबिंबासाठी एवढा खटाटोप केला तेच पुसून टाकतो.

या पक्ष्यांच्या मागे चालून जवळीक होत नाही. बहुतेक वेळा ते रात्री आणि पहाटे चरतात. फुगवटा ओसरतो तशी उघडी पडणारी गाळपेराची जमीन, तिथला हरभरा, गहू, कोवळं गवत हे त्यांचं ताट. सकाळी ते पाण्यावर परततात, पाणी पितात, अंघोळ करतात आणि मग काठावर एका पायावर झोपतात. आदल्या संध्याकाळी काठावरून फिरून या. हिरवट विष्ठेच्या लेंड्या, झडलेली पिसं आणि पायाच्या पडद्याचे ठसे जिथे दाट असतील तिथे दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू व्हायच्या आत जाऊन पडा. तुम्ही आधीच तिथे असाल तर ते तुमच्याजवळ येतात. तुम्ही नंतर गेलात तर ते जातात.

थव्यातल्या एकाने मान ताठ केली तर हात थांबवा. पाचसहा माना ताठ झाल्या तर मागे सरका. मानेला झटके देणं आणि आवाज वाढणं सुरू झालं की ते उडायच्या बेतात आहेत, आणि कारण बहुधा तुम्हीच आहात. दोन वर्षांपूर्वी माझ्यासमोर एका होडीवाल्याने पर्यटकांना ‘फ्लाइट शॉट’ मिळावा म्हणून इंजिन न थांबवता होडी झोपलेल्या थव्यात घातली. दीडशे पक्षी उठले आणि त्या दिवशी परतले नाहीत. हे पक्षी मंगोलिया, तिबेट, लडाखकडून हिमालय ओलांडून येतात. उपग्रह यंत्रं बसवलेल्या पट्टकादंबांची सात हजार मीटरहून जास्त उंचीवरची उड्डाणं नोंदली गेलीत. मार्चमध्ये त्यांना तेच अंतर पुन्हा कापायचं असतं आणि त्यासाठी लागणारी चरबी ते इथे, आपल्या काठांवर साठवतात. विनाकारण उडवलेला प्रत्येक थवा त्या साठ्यातून खर्च करतो. होडीतून जाणार असाल तर नावाड्याला आधीच सांगा: इंजिन लांबच बंद, पुढे वल्ह्याने, माना वर गेल्या की थांब. भिगवण-कुंभारगावचे जुने नावाडी हे न सांगता करतात. होडीत तळाशी बसा, ट्रायपॉड लावू नका, स्टॅबिलायझेशन चालू ठेवा आणि शटर १/१२५० च्या खाली जाऊ देऊ नका.

उडतानाचे फोटो हवे असतील तर वारा बघा. कादंब उतरतो वाऱ्याकडे तोंड करून आणि उडतोही वाऱ्याकडे तोंड करून. आपल्याकडे हिवाळ्यात वारा बहुधा पूर्वेकडून, ईशान्येकडून असतो आणि सकाळचं ऊनही त्याच बाजूचं. म्हणजे पूर्व काठावर, ऊन आणि वारा दोन्ही पाठीला घेऊन बसलात तर उतरणारे पक्षी पाय पुढे काढून, पंख फाकून थेट तुमच्याकडे येतात. १/२००० ते १/२५०० पुरतं, बदकांइतकी यांच्या पंखांची घाई नसते.

तिसरी तक्रार, पिसं विरघळल्याची. लेन्स दुरुस्तीला टाकायचा विचार करताय तो थांबवा.

तुमच्या थव्याच्या फोटोतलं अंतर मी दीडशे मीटरच्या आसपास धरतो. तुमच्या क्रॉप सेन्सरवर ६०० मिमी आणि एफ/६.३ ला इतक्या लांब फोकसची खोली (जेवढ्या पट्ट्यात सगळं स्पष्ट येतं ती) जवळपास पंधरा मीटर असते. फोकस दोन मीटर चुकला असता तरी हे पक्षी स्पष्ट आले असते. शटर १/२००० आहे, म्हणजे हात हलल्याचाही प्रश्न नाही. आता फोटो शंभर टक्के मोठा करून त्या काळ्या पट्ट्यांची कड बघा: ती एकसारखी पुसट नाही, नागमोडी आहे, आणि पुढच्या फ्रेममध्ये ती नागमोड वेगळी आहे. ही हवा आहे. ऊन चढलं की काठावरची जमीन तापते आणि हवा उकळल्यासारखी थरथरते. थंडीच्या सकाळी उलट होतं, पाणी उबदार आणि वरची हवा गार, तरीही थरथर तीच. डोळ्याला ती जाणवत नाही, ६०० मिमीला जाणवते. यावर कोणताही शार्पनिंगचा स्लायडर चालत नाही, एआयवाली सॉफ्टवेअर तर तिथे नसलेली पिसं काढून देतात. अंतर कमी करणं हा एकच खरा उपाय. ते जमत नसेल तर उजाडल्यापासूनचा पहिला तास, ढगाळ दिवस, आणि एकेका क्षणाच्या वीस-वीस फ्रेम. त्यातल्या दोनतीनांत हवा क्षणभर शांत झालेली सापडते. पाण्यालगत खाली गेल्यावर ही थरथर वाढते, हेही खरं. म्हणून लोळून फोटो काढायचे ते चाळीस-पन्नास मीटरच्या आतलेच. लांबच्या थव्यासाठी मी स्वतः उठून बांधावर जातो आणि पाण्याच्या रंगावर पाणी सोडतो.

आता एडिटिंग. लाइटरूम असो की फुकटातलं डार्कटेबल, क्रम मी सारखाच ठेवतो, आणि पहिलं काम रंगाचं नाही, सरळ करण्याचं आहे.

पाण्यावरच्या फोटोत बऱ्याचदा क्षितिज नसतं. काठाची रेघ दिसली तरी तिच्यावर विसंबू नका, कारण काठ तिरका आत गेलेला असू शकतो. पक्ष्याच्या चोचीचं टोक बघा आणि प्रतिबिंबातल्या चोचीचं टोक बघा. संथ पाण्यात ही दोन्ही टोकं एकाच उभ्या रेषेत असायलाच हवीत. लाइटरूममध्ये स्ट्रेटन टूलने वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत रेघ ओढली की फोटो सरळ होतो. तुमच्या तिसऱ्या फोटोत मी हे करून बघितलं, तो सव्वा अंश उजवीकडे कललेला आहे. सव्वा अंश ऐकायला काहीच नाही, पण तेवढ्याने पाणी उतरणीवरून वाहतंय असं वाटतं आणि फोटोत काहीतरी खटकतंय हे कळूनही काय ते सापडत नाही.

मग व्हाइट बॅलन्स. पांढरं डोकं दिसतं म्हणून तिथे ड्रॉपर टेकवू नका. सकाळच्या उन्हात ते डोकं पांढरं नसतंच, उन्हाकडची बाजू सायीच्या रंगाची आणि सावलीकडची निळसर असते. ड्रॉपरने तुम्ही सकाळच धुऊन काढता. मी ५२०० ते ५५०० केल्विनवर ठेवतो आणि अंगाचा राखाडी निळा पडत नाही ना एवढंच बघतो.

त्यानंतर सगळ्या फोटोवर फक्त तीन गोष्टी: एक्सपोजर गरजेपुरतं वर, हायलाइट्स उणे वीस ते चाळीस, सावल्या थोड्या वर. पुढचं सगळं मास्क करून. सब्जेक्ट सिलेक्टने पक्षी निवडा आणि पायाजवळ, पाणी आणि अंग मिळतं तिथली कड हाताने ब्रशने दुरुस्त करा, कारण सॉफ्टवेअर तिथे हटकून प्रतिबिंबाचा तुकडा आत ओढतं. टेक्स्चर आणि शार्पनिंग फक्त पक्ष्याला. मास्क उलटा करून पाण्याला फक्त नॉइज रिडक्शन. तुमच्या पाण्यातली वाळू जाईल ती इथेच. मात्र पाण्याची क्लॅरिटी (कडांचा उठाव) उणे करण्याचा मोह टाळा, लाटांच्या बारीक रेघा गेल्या की पक्षी मेणकापडावर ठेवल्यासारखा दिसतो. डोक्याला क्लॅरिटी देऊच नका, गडद पाण्यावर लगेच पांढरी प्रभावळ उमटते.

प्रतिबिंब मूळ पक्ष्यापेक्षा किंचित गडद असतं. ते पक्ष्याइतकं उजळवलं की फोटो उलटासुलटा कसाही धरला तरी चालेल असा होतो आणि विश्वास उडतो. क्रॉप करताना प्रतिबिंबाचं डोकं पूर्ण राहू द्या, त्याखाली थोडं पाणीही. जागा नसेल तर सरळ पक्ष्याच्या पाण्यात बुडालेल्या रेषेच्या जरा खाली कापा. प्रतिबिंबाचा गळा मध्येच चिरलेला वाईट दिसतो. पाण्यातला फेस, काडी, पीस काढायला माझी हरकत नाही, फक्त काडीसोबत तिचं प्रतिबिंबही जायला हवं. पक्षी काढणं किंवा दुसरीकडचा आणून बसवणं मी करत नाही.

तुमचा तिसरा फोटो ठेवा. तो पातळ ढगाखाली काढलेला आहे, डोकं शाबूत आहे, आणि मान वळवून पाठीत चोच खुपसताना चोचीच्या मुळाशी अडकलेला थेंब दिसतो. सव्वा अंश सरळ करा, हायलाइट्स उणे पंचवीस, बस. पहिला फोटो सोडून द्या.

दुसऱ्याबद्दल मात्र एक विनंती. थव्यात डावीकडून चौथ्या पक्ष्याच्या मानेवर हिरवट पट्टा आहे, आणि तो ‘विचित्र दिसतो म्हणून क्लोन करून काढू का’ असं तुम्ही विचारलंय. कृपा करून काढू नका. ती अभ्यासकांनी घातलेली कॉलर आहे. मंगोलियात आणि भारतातही पट्टकादंबांना अशा कॉलर घातल्या गेल्यात आणि प्रत्येकीवर कोड असतो. त्या क्षणाच्या सगळ्या फ्रेम उघडा, एकेक करून मान मोठी करून बघा. हवेच्या थरथरीत एका फ्रेममध्ये पहिलं अक्षर वाचता येईल, दुसरीत शेवटचा आकडा. जेवढं लागेल तेवढं, कॉलरच्या रंगासह, तारीख, वेळ आणि धरणाची नेमकी बाजू लिहून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा, सोबत एडिट न केलेला क्रॉप जोडा. आणि कोड लागला तर मलाही सांगा. वीरच्या थव्यांच्या माझ्या जुन्या फायली काढून, हा पक्षी आधी कधी येऊन गेलाय का ते मी बघतो.